फ्रेशरकडे अनुभव मागायची पद्धत आली कुठून

जुलै २०२० मधली गोष्ट. फास्टएपीआय नावाचं फ्रेमवर्क, म्हणजे पायथन या प्रोग्रामिंग भाषेतला तयार कोडचा सांगाडा, ज्याने बनवलं त्या सेबास्टियन रामिरेझने ट्विटरवर लिहिलं की परवा एक जाहिरात बघितली, त्यात फास्टएपीआयचा चार वर्षांच्या वर अनुभव मागितला होता, मला काही अर्ज करता आला नाही कारण मी ते बनवलं त्यालाच दीड वर्ष झालंय. सगळे हसले. नुकतंच कॉलेज संपवून अर्जांमागून अर्ज टाकत बसलेल्यांना मात्र फारसं हसू आलं नसणार, कारण त्यांचं रोजचंच आहे ते. लिंक्डइनवरच्या जवळपास ४० लाख जाहिराती तपासून २०२१ मध्ये आकडे आले होते, 'एन्ट्री लेव्हल', म्हणजे नवख्यांसाठी, असं लिहिलेल्या जाहिरातींपैकी ३५ टक्क्यांमध्ये आधीचा अनुभव मागितलेला, आणि सॉफ्टवेअर नि आयटी सर्व्हिसेसमध्ये तर ६० टक्क्यांहून जास्त ठिकाणी तीन किंवा त्याहून जास्त वर्षं. पोहायला आल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही, असा प्रकार.

याला कंपन्यांचा आडमुठेपणा म्हणून मोकळं होता येतं, मीही बरीच वर्षं तेच म्हणायचो. पण थोडं मागे जाऊन बघितलं की लक्षात येतं, भांडण सगळं एकाच गोष्टीवरून आहे: नवख्याला काम शिकवायचा खर्च कोणाच्या खिशातून जायचा.

हे प्रोग्रामिंगच्या आधीपासूनचं आहे बरं का. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंजिनिअर दोन वाटांनी तयार व्हायचे, एक कारखान्यात उमेदवारी करून आणि दुसरा कॉलेजातून, आणि कारखानेवाले कुरकुरायचे की कॉलेजच्या पोरांना थिअरी सगळी पाठ पण हातात कानस धरता येत नाही. (ओळखीचं वाटतंय ना?) यावर सिनसिनाटी विद्यापीठातल्या हर्मन श्नायडर नावाच्या प्राध्यापकाने १९०६ मध्ये एक डोकं लढवलं. २७ विद्यार्थी घेतले, जोड्या लावल्या, एक आठवडा एकजण वर्गात तर त्याचा जोडीदार कारखान्यात, पुढच्या आठवड्यात अदलाबदल. कारखान्याची मशीन कधी रिकामी राहायची नाही आणि कामाचा पगारही मिळायचा. यालाच पुढे को-ऑप म्हणायला लागले, आजची इंटर्नशिप त्याच जातकुळीची. खर्च वाटून घेतला होता, एवढाच त्यातला शहाणपणा, पण तेवढाही पुढे कित्येकांना सुचला नाही.

प्रोग्रामिंगची गंमत अशी की सुरुवातीला अनुभव मागायची सोयच नव्हती. १९४५ साली 'कॉम्प्युटर' हे माणसाच्या पदाचं नाव होतं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात तोफांच्या माऱ्याची कोष्टकं हाताने काढणाऱ्या मुली असायच्या, त्यांनाच कॉम्प्युटर म्हणायचे, आणि त्यांच्यातल्या सहाजणी एनिॲक या नव्या इलेक्ट्रॉनिक मशीनसाठी निवडल्या: कॅथलीन मॅकनल्टी, जीन जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान्सिस बिलास आणि रूथ लिक्टरमन. प्रकल्प गुप्त, त्यामुळे सुरुवातीला यांना मशीनच्या खोलीतच जायची परवानगी नाही! वायरिंगच्या आकृत्यांची भेंडोळी हातात दिली आणि सांगितलं, बघा कसं चालतं ते. मॅन्युअल नाही, भाषा नाही, विचारायला सीनियर नाही, आकृत्या वाचून आणि इंजिनिअर लोकांना प्रश्न विचारून विचारून त्यांनी ते मशीन समजून घेतलं. फेब्रुवारी १९४६ मध्ये एनिॲक जगापुढे आलं तेव्हा ज्या गणिताचं एवढं कौतुक झालं ते यांनीच बसवलेलं होतं, आणि यांची नावं लोकांना कळायला पुढे काही दशकं जावी लागली. तो वेगळाच विषय आहे. आपल्यापुरतं एवढंच, की जगातल्या पहिल्या फ्रेशर प्रोग्रामर ह्याच, आणि क्वालिफिकेशन काय, तर गणित येतं आणि डोकं चालतं.

मग पन्नासचं दशक. अमेरिकेला विमानहल्ल्यांवर लक्ष ठेवणारी सेज नावाची प्रचंड यंत्रणा उभी करायची होती आणि त्याचे प्रोग्राम लिहायचं काम रँड या संशोधन संस्थेकडे आलं, त्यातूनच १९५७ मध्ये सिस्टिम डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन वेगळी निघाली. अडचण अशी की काम शेकडो माणसांचं आणि अख्ख्या देशात हे काम येणारे मोजकेच. मग काय करणार, ज्यांना यातलं ओ की ठो माहीत नाही अशांची बुद्धीची चाचणी घ्यायची, पास झाले की नोकरीवर घ्यायचं, पगार सुरू करायचा आणि मग शिकवायचं. म्हणजे सगळा खर्च कंपनीचा. आणि पुढे काय झालं असेल? शिकून तयार झालेली माणसं जास्त पगारावर दुसरीकडे गेली, इतकी गेली की या कंपनीला प्रोग्रामर लोकांचं विद्यापीठच म्हणायला लागले. शिकवायचं आपण आणि पीक न्यायचं दुसऱ्याने, हे एचआरवाल्यांचं दुखणं तेव्हापासूनचं आहे, आणि माझ्या मते अनुभव मागायच्या सवयीचं मूळ इथेच सापडतं. कारण तयार माणूस बाहेरून उचलता येतो हे एकदा कळलं की शिकवणारा तो वेडा ठरतो.

पण तयार माणसं पुरत नव्हतीच, त्यामुळे नवख्यांना पारखायची काहीतरी चाळणी पाहिजे होती. आयबीएमने १९५५ मध्ये प्रोग्रामर ॲप्टिट्यूड टेस्ट काढली, तिचं लाडाचं नाव पॅट. त्यात काय होतं, तर आकड्यांची मालिका पूर्ण करा, या आकृतीचं त्या आकृतीशी नातं ओळखा, आणि शाब्दिक गणितं. आज कुठल्याही कंपनीच्या पहिल्या राउंडला बसा, हेच तीन प्रकार पुढ्यात येतात, फक्त कागदाच्या जागी स्क्रीन आणि वर कॅमेरा. साठच्या दशकात लाखो लोक या टेस्टला बसले. नंतर अभ्यास करणाऱ्यांनी बघितलं तर टेस्टचे मार्क आणि ट्रेनिंगचे मार्क यांचा संबंध लागत होता, पण प्रत्यक्ष कामाशी ताळमेळ फारसा लागेना. तरीपण टेस्ट काही बंद झाली नाही, हजार अर्जांतले नऊशे कापायला ती स्वस्त पडते ना, बास. त्याच काळात आयबीएमने एक जाहिरात पण दिली होती, बुद्धिबळ खेळणारे, संगीत रचणारे लोक आम्हाला चालतील अशी, आणि त्यातून आर्थर बिसगायर हा खरोखरचा बुद्धिबळाचा चॅम्पियन त्यांच्या हाती लागला.

याच्याच जोडीला अजून एक खोडी झाली. १९६६ मध्ये कॅनन आणि पेरी या दोन मानसशास्त्रज्ञांनी प्रोग्रामर लोकांच्या आवडीनिवडी तपासल्या, एकूण १,३७८ जण, त्यात बायका जेमतेम १८६, आणि निष्कर्ष काढला की चांगल्या प्रोग्रामरला कोडी आवडतात आणि माणसांत रस नसतो. असल्या चाचण्या भरतीत वापरल्या गेल्या की तसलेच लोक आत येणार, मग पुढच्या वेळी मोजलं तर परत तेच दिसणार! ज्या कामाची सुरुवात सहा बायकांनी केली तिथे एकलकोंडा पोरगा हीच ठरलेली प्रतिमा व्हायला असल्या चाळण्यांचा मोठा हातभार लागला.

आता खर्च सरकायला लागला. साठच्या दशकातच खाजगी प्रोग्रामिंग स्कूलांचं पेव फुटलं, काही आठवड्यांत प्रोग्रामर व्हा, गलेलठ्ठ पगार मिळवा अशा जाहिराती. फी भरायची शिकणाऱ्याने. काही बऱ्या होत्या, बऱ्याच भुक्कड होत्या, आणि शेवटी काही कंपन्यांनी या स्कूलवाल्यांना घ्यायचंच नाही असं ठरवलं. २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला डेव्ह बूटकॅम्प सुरू झाला आणि मग जिकडेतिकडे असे बूटकॅम्प, म्हणजे झटपट कोडिंग शिकवणारे वर्ग, निघाले तेव्हा लोकांना हे नवीन वाटलं, पण नाटक जुनंच होतं, पात्रं तेवढी बदललेली. तोच डेव्ह बूटकॅम्प २०१७ अखेर बंद पडला.

दुसऱ्या बाजूने डिग्री आली. केंब्रिजने १९५३ मध्येच कॉम्प्युटर सायन्सचा डिप्लोमा सुरू केला होता, अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात १९६२ मध्ये स्वतंत्र विभाग झाला, आणि १९६८ च्या ऑक्टोबरमध्ये जर्मनीतल्या गार्मिशला नाटोने भरवलेल्या परिषदेत 'सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग' हा शब्द पुढे आला. प्रोजेक्ट रखडत होते, बजेटच्या बाहेर जात होते, म्हणून हे काम शिस्तीत आणायचं असा सगळा सूर. हेतू चांगलाच होता. पण परिणाम असा झाला की आधी बुद्धिबळपटू चालत होता, आता कागद दाखवा.

कागद सगळ्यांकडेच आले तेव्हा मग कोडी. कोडं घालून माणूस पारखायची हौस तशी जुनी, ट्रान्झिस्टरवाला विल्यम शॉकली १९५७ च्या सुमारास उमेदवारांपुढे कोडी टाकून स्टॉपवॉच लावून बसायचा म्हणतात. पुढे मायक्रोसॉफ्टमुळे मॅनहोलचं झाकण गोल का असतं वगैरे प्रश्न गाजले. गूगलच्या एचआरचा तेव्हाचा प्रमुख लाझलो बॉक याने २०१३ मध्ये उघड सांगून टाकलं की असल्या कोड्यांनी काहीही कळत नाही, नुसता वेळ जातो. तोवर कोडिंगचे प्रश्न आलेच होते. २००७ मध्ये फिझबझ फार चर्चेत होतं: १ ते १०० आकडे छापा, ३ ने भाग गेला तर फिझ, ५ ने गेला तर बझ, दोन्हींनी गेला तर फिझबझ. पाच-सहा ओळींचा प्रोग्राम, हेतू एवढाच की समोरच्याला लूप, म्हणजे तेच काम परत परत करवणारा कोड, लिहिता येतो का. पण चाळणीचं असं असतं की ती कळली की लोक तिची तयारी करतात, मग भोकं अजून बारीक करावी लागतात, आणि अशी बारीक करत करत आज गाडी लीटकोड या सरावाच्या वेबसाइटवरच्या शेकडो प्रश्नांवर येऊन ठेपलीय. ती तयारी रात्री जागून, स्वतःच्या वेळात, फुकट. पगार देऊन शिकवणारी सेजवाली कंपनी आठवा आणि हे बघा.

इंटरनेटने यात भर घातली. १९९४ च्या मॉन्स्टर बोर्ड या नोकऱ्यांच्या वेबसाइटपासून आणि २००३ मध्ये सुरू झालेल्या लिंक्डइनपासून अर्ज करणं सोपं झालं, इतकं सोपं की एका जागेला शेकड्याने अर्ज पडायला लागले आणि ते माणसाने वाचणं शक्यच राहिलं नाही. मी एकदा टेबलाच्या पलीकडे बसलोय, दोन ज्युनिअर जागा, अर्जांचा ढीग, आणि एचआरने फिल्टर लावून पंचवीस पाठवलेले. नंतर टीममधल्या एकीने तिच्या ओळखीतल्या मुलीचा रेझ्युमे आणून दिला, चांगलंच काम होतं, डेटाबेसच्या क्वेऱ्या पण स्वतः लिहिलेल्या, विचारलं अर्ज का नाही केला, तर म्हणे केला होता. शोधलं तर सापडला. तिने 'पोस्टग्रेस' लिहिलं होतं, फिल्टरमध्ये शब्द होता 'एसक्यूएल'. पोस्टग्रेस हा डेटाबेस एसक्यूएल याच भाषेत चालतो, पण ते फिल्टरला कुठून कळणार. हा काही अपवाद नाही, हार्वर्ड बिझनेस स्कूल आणि ॲक्सेंचरच्या २०२१ च्या अहवालात ८८ टक्के कंपन्यांनी मान्य केलं होतं की नेमक्या अटींत न बसल्यामुळे लायक उमेदवार चाळणीत गळतात. जाहिरातीतली 'तीन वर्षं' पण बऱ्याचदा अशीच येते, मॅनेजरला तेवढी लागतातच असं नाही, ढीग कमी व्हावा म्हणून कोणीतरी टाकलेली असते.

आणि मग २०२२ चा शेवट. कोविडमध्ये भसाभस भरती केलेल्या कंपन्यांनी माणसं काढायला सुरुवात केली, मेटाने नोव्हेंबरमध्ये ११ हजार, गूगलने जानेवारी २०२३ मध्ये १२ हजार, म्हणजे ज्युनिअर जागांसाठी आता फ्रेशरसोबत दोन-तीन वर्षं काम केलेलेही रांगेत. त्याच नोव्हेंबरच्या ३० तारखेला चॅटजीपीटी आलं. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेतल्या पगारपत्रकांची आकडेवारी मांडली, त्यात २२ ते २५ वयाच्या सॉफ्टवेअर डेव्हलपर लोकांच्या नोकऱ्या २०२२ अखेरच्या शिखरापासून जवळपास २० टक्के घटल्या होत्या. यात एआयचा वाटा किती आणि वाढलेल्या व्याजदरांचा किती यावर अजून वाद चालू आहेत. पण त्याच कामातल्या वयाने मोठ्या लोकांना तसा फटका दिसला नाही, आणि संशोधकांचा अंदाज असा की पुस्तकात असतं ते एआयला येतं, कामावर राहून अंगात मुरतं ते येत नाही. आणि मुरायचं कसं, तर टीममध्ये नवीन आलेल्याला आधी छोटे बग, म्हणजे कोडमधल्या चुका, दुरुस्त करायला द्यायचे, कोड तपासणाऱ्या टेस्ट लिहायला लावायच्या, कोणाचा तरी जुना कोड साफ करायला द्यायचा, सीनियरने अर्धा तास बसून त्यातल्या चुका दाखवायच्या. हीच कामं आता पहिल्यांदा एआयकडे जातायत.