पेलेट स्टोव्हची धूरनळी : सफाई आणि देखभाल

लाकडाचा भुसा दाबून केलेल्या, सुमारे ६ मिमी जाडीच्या कांड्या म्हणजे पेलेट. त्या जाळून खोली गरम करणाऱ्या शेगडीची धूरनळी साध्या धुराड्यासारखी दिसली तरी चालते वेगळ्या तऱ्हेने. धुराड्यात गरम हवा आपोआप वर चढते, तर इथे विजेचा पंखा धूर नळीत ढकलतो. म्हणूनच ७५ किंवा १०० मिमी व्यासाची अरुंद नळी पुरते. नळीत खोलीपेक्षा दाब जास्त असल्याने सांधा सैल राहिला तर धूर नळीतून खोलीत फेकला जातो आणि त्याबरोबर वास नसलेला, जीवघेणा कार्बन मोनॉक्साइडही. नळी साफ करण्याइतकेच सांधे पुन्हा हवाबंद करणे महत्त्वाचे आहे.

नळीत साचते ती मुख्यतः राख. पेलेटमध्ये ०.५ ते १ टक्का राख धरली तर टनामागे ५ ते १० किलो राख होते. त्यातली बरीचशी राखेच्या डब्यात पडते. पिठासारखी हलकी राख मात्र धुराबरोबर उडते आणि वेग मंदावतो तिथे, म्हणजे एल्बोत (नळीच्या वळणात), आडव्या नळीत आणि शेगडीमागच्या टी-जोडात (T आकाराच्या जोडात) बसते. आडवी नळी जितकी लांब, तितकी सफाई लवकर करावी लागते.

राखेचा रंग बरेच सांगून जातो. फिकट करडी, कोरडी राख असेल तर जळण नीट चालले आहे. काळी, मऊ काजळी दिसली तर हवा कमी पडते आहे. मग जळणपात्राची, म्हणजे पेलेट जळतात त्या भांड्याची, भोके बुजलेली, दाराचे गॅस्केट (फट हवाबंद करणारी पट्टी) झिजलेले किंवा पंख्याची पाती माखलेली असतात. हे कारण दूर न करता नुसती नळी घासली तर काही दिवसांत पुन्हा तेच होते. डांबरासारखा चकचकीत थर ब्रशने निघत नाही आणि तो पेट घेऊ शकतो. अशा वेळी शेगडी बंद ठेवून जाणकार बोलवावा.

नळी तुंबू लागली की ज्योत मंद, लांब आणि नारिंगी होते, काच लवकर काळवंडते, पात्रात न जळलेल्या पेलेटचा ढीग होतो आणि शेवटी दाबाचा स्विच, म्हणजे हवेचा दाब बिघडला की चालणारा सुरक्षा-स्विच, शेगडी बंद पाडतो. अनेकदा स्विच बदलला जातो, पण दोष तुंबलेल्या नळीचा किंवा स्विचकडे जाणाऱ्या रबरी नळीत अडकलेल्या राखेचा असतो.

सफाईआधी शेगडी पूर्ण थंड होऊ द्यावी आणि प्लग काढावा. राखेत निखारा बराच काळ जिवंत राहतो, म्हणून घरगुती व्हॅक्युम क्लीनर वापरू नये. त्यातून बारीक राख खोलीभर उडते ती वेगळीच. राखेसाठी बनवलेला, बारीक फिल्टरचा व्हॅक्युमच घ्यावा. आधी शेगडीच्या आतले धुराचे मार्ग घासावेत, कारण तिथली राख पुढे नळीतच उतरते. मग टी-जोडाखाली डबा धरून टोपण काढावे आणि नळीच्या आतल्या व्यासाचा नायलॉन ब्रश लवचीक दांड्यावर बसवून टोकापर्यंत फिरवावा. दांडा एकाच दिशेने, जोड आवळला जाईल तसा फिरवावा. उलट फिरवल्यास ब्रश सुटून आतच अडकतो. पाणी अजिबात वापरू नये, ओली राख गाळासारखी घट्ट बसते.

त्यानंतर धुराचा पंखा काढून पाती मऊ ब्रशने साफ करावीत. पाती वाकली तर पंखा थरथरतो आणि बेअरिंग लवकर जाते. पंख्याखालचे गॅस्केट फाटले असेल तर नवे घालावे. बाहेरच्या तोंडावरची जाळी, पक्ष्यांची किंवा गांधीलमाश्यांची घरटी पाहावीत. उघडलेले सांधे उष्णतारोधक सिलिकोनने बंद करून ते सुकू द्यावे. शेगडी पेटताना धूर सर्वांत दाट असतो, तेव्हा अंधारात सांध्यांवर विजेरी धरली की गळती दिसते. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म खोलीत असायलाच हवा.

साधारणपणे टनभर पेलेट जळले की नळी तपासावी आणि हंगामात निदान एकदा पूर्ण साफ करावी. ही सफाई हंगाम संपताच केलेली बरी. उन्हाळाभर आत राहिलेली राख दमट हवेतले पाणी ओढून घेते आणि पत्रा आतून गंजतो.