‘मुलगा धडधाकट आहे, तपासणी कशाला?’ : एक खुलासा

बडोद्यात दांडिया बाजाराकडच्या जुन्या मराठी घरांत मूल न होण्याचा विषय निघाला, की ‘आमचा मुलगा तर रोज तालमीत जातो’ असे सांगून तपासणीला सुनेलाच पाठवले जाते. अंगच्या ताकदीवरून शुक्राणूंची पारख करणारी ही समजूत निराधार आहे. शुक्राणू स्त्रीबीजाकडे पोहतो तो शेपटीच्या बळावर, आणि ही शेपटी जेमतेम ५० मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतकी. तिच्या गाभ्यात मधोमध २ सुट्या आणि भोवती ९ जोड्या अशा सूक्ष्मनलिका असतात, आणि डायनिन ही प्रथिने या जोड्यांना एकमेकींवर सरकवू लागली, की शेपटी वळवळते. हे बांधकाम अनेक जनुके मिळून करतात. त्यांपैकी डीएनएएच१ या जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असल्यास शेपट्या आखूड, गुंडाळलेल्या किंवा मुळीच नसलेल्या निघू शकतात, हे २०१४ मध्ये दाखवले गेले. असा पुरुष एरवी निरोगीच असतो. एकेक सदोष प्रत देणारे आईवडीलही निरोगी असतात, म्हणून ‘आमच्या घराण्यात असे कुणालाच नाही’ हा युक्तिवादही टिकत नाही. शिलाजिताने (वैद्यबुवांची क्षमा मागून) जनुक दुरुस्त होत नाही. मात्र १९९२ पासून ज्ञात असलेल्या इक्सी पद्धतीत शुक्राणू सुईने थेट स्त्रीबीजात सोडतात, त्यामुळे त्याला पोहावेच लागत नाही.