लवंगांची बेटं कोणाच्या हद्दीत?

२१ ऑक्टोबर १५२० रोजी मॅगेलनच्या ताफ्यातल्या फ्रान्सिस्को आल्बो या खलाशाने दक्षिण अमेरिकेच्या टोकाजवळ सूर्याची उंची मोजली आणि नोंद केली: ५२ अंश दक्षिण. समोर खाडीसारखं मुख दिसत होतं. तीच पुढे मॅगेलनची सामुद्रधुनी ठरली. तिच्या तोंडाशी असलेलं टोक आजच्या नकाशात सुमारे ५२ अंश २० मिनिटांवर आहे. डोलत्या जहाजावरून पाचशे वर्षांपूर्वी केलेलं हे मोजमाप मला थक्क करतं.

आल्बोची ही रोजनिशी सेव्हिलच्या 'आर्किव्हो जनरल दे इंडियास' या दप्तरखान्यात आहे. स्पेनचा राजा तिसऱ्या कार्लोसने १७८५ मध्ये तो स्थापन केला. पेशवे दप्तरात रुमाल असतात, तसे तिथे सुमारे ४३ हजार गठ्ठे आहेत. स्पेनसाठी मसाल्याच्या बेटांकडे निघालेल्या मॅगेलनच्या पाच जहाजांच्या खर्चाच्या याद्याही जपल्या गेल्या. त्यांत २१ लाकडी क्वाड्रंट (सूर्याची उंची कोनात मोजायचं साधन) आणि १८ वाळूची घड्याळं आहेत. मोहिमेची ताकद आणि तिची उणीव, दोन्ही या दोन आकड्यांत दिसतात.

अक्षांश काढायला क्वाड्रंट पुरेसं होतं. माध्यान्हीला सूर्य क्षितिजापासून किती वर आहे ते मोजायचं, तक्त्यातून त्या दिवसाची सूर्याची क्रांती, म्हणजे तो विषुववृत्ताच्या किती अंश उत्तरेला वा दक्षिणेला आहे, ती घ्यायची, मग बेरीज-वजाबाकी. रेखांशासाठी मात्र घड्याळातली वेळ नेमकी माहीत असावी लागते. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला ४ मिनिटं. निघालेल्या बंदरात आत्ता किती वाजले हे कळलं, तरच आपण किती पूर्वेला वा पश्चिमेला आलो ते सांगता येतं. विषुववृत्तावर ४ मिनिटांची चूक म्हणजे सुमारे १११ किलोमीटरची चूक! वाळूच्या घड्याळाच्या भरवशावर सेव्हिलची वेळ वर्ष-दोन वर्षं सांभाळणं अशक्यच होतं. ताफ्यातला खगोलज्ञ आंद्रेस दे सान मार्तीन याने ब्राझीलच्या किनाऱ्यावर चंद्र आणि गुरू यांच्या स्थितीवरून रेखांश काढून पाहिला. उत्तर इतकं विचित्र आलं, की त्याने तक्त्यांवरच शंका घेतली. ही पद्धत तत्त्वतः बरोबर होती. चंद्राच्या गतीचे पुरेसे अचूक तक्ते मात्र अठराव्या शतकात तयार झाले.

हा प्रश्न फक्त खलाशांचा नव्हता. १४९४ च्या तोर्देसियासच्या तहाने अटलांटिकमध्ये एक रेषा आखून स्पेन आणि पोर्तुगालने जग वाटून घेतलं होतं: रेषेच्या पूर्वेचं पोर्तुगालला, पश्चिमेचं स्पेनला. आजच्या इंडोनेशियातली तिर्नाते, तिदोर ही लवंगांची बेटं पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला. तिथे ती रेषा कुठून जाते, हे रेखांशाशिवाय कसं ठरणार? मॅगेलन फिलिपिन्समध्ये मारला गेला. १५२२ मध्ये त्याच्या ताफ्यातला एल्कानो 'व्हिक्टोरिया' जहाज लवंगा भरून परत घेऊन आला. मागे राहिलेलं 'त्रिनिदाद' पोर्तुगीजांनी कागदपत्रांसह ताब्यात घेतलं. त्यावरच्या काही कैद्यांना पुढे आपल्या कोचीला आणून ठेवलं होतं.

१५२४ मध्ये दोन्ही देशांचे जाणकार बादाखोस आणि एल्व्हास या सरहद्दीवरच्या गावांत जमले. एल्कानोही होता. नकाशे, पृथ्वीगोल, मैलांचे हिशेब सगळं मांडलं गेलं, पण प्रत्येक बाजूच्या नकाशात बेटं आपल्याच हद्दीत! निकाल लागलाच नाही. अखेर १५२९ मध्ये सारागोसाच्या तहात स्पेनचा राजा पाचव्या चार्ल्सने बेटांवरचा दावा पोर्तुगालला ३,५०,००० डुकॅटला देऊन टाकला.

आजच्या मापांनी ती रेषा पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला सुमारे १३३ अंश पूर्व रेखांशावर येते. तिदोर आहे १२७ अंशांवर, म्हणजे पूर्वेकडे जाताना त्या रेषेच्या अलीकडे, पोर्तुगालच्याच हद्दीत.