नदीकाठची मोटार आणि केबल चोरीपासून वाचवायची कशी?
आमच्या शेतकरी ग्राहकांसाठी माहितीपत्रक

कुकडी, मीना आणि घोड या नद्यांच्या काठी मोटारी बसवणे, जळालेल्या मोटारींची वायर नव्याने भरून देणे आणि स्टार्टर दुरुस्त करणे हे आमचे रोजचे काम. रब्बी सुरू झाली की दुकानात एक तक्रार हमखास येते: "केबल गेली." कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांवर मोटारी ओळीने बसवलेल्या असतात, वस्ती लांब असते आणि एका रात्रीत ओळीतल्या सगळ्यांचीच केबल कापली जाते. नवी केबल उसनेपासने करून आणता येते. पण तेवढे दिवस पाणी बंद राहून नुकताच लावलेला कांदा माना टाकतो, ते नुकसान कोणी भरून देत नाही. म्हणून हे पत्रक छापले आहे. आमच्याकडून माल घ्या किंवा घेऊ नका, वाचून मात्र ठेवा.

चोर येतो तांब्यासाठी

तुमची 6 स्क्वेअर एमएमची तीन पदरी तांब्याची केबल 100 मीटर असेल, तर तिच्यात सुमारे 16 किलो तांबे असते. 4 स्क्वेअर एमएमची असेल तर साधारण पावणेअकरा किलो. चोर ती ओढून नेतो, वरचे रबर जाळतो आणि उरलेले तांबे भंगारात देतो. त्यामुळे केबलवर रंगाने नाव लिहिण्याचा किंवा खुणेच्या पट्ट्या गुंडाळण्याचा काही उपयोग नाही, ते सगळे त्याच आगीत जाते. मोटारीतले तांबे काढायला मोटार वर ओढावी लागते, उघडावी लागते. उघड्यावर पडलेली केबल कापायला मात्र एक कटर पुरतो. म्हणून आधी केबलचा बंदोबस्त करा, मोटारीचा त्यानंतर.

आमचा पहिला सल्ला असा: काठापासून स्टार्टरपर्यंतची लांब केबल अ‍ॅल्युमिनिअमची, आर्मर्ड (वरून लोखंडी तारांचे कवच असलेली) घ्या आणि जमिनीत अडीच-तीन फूट खोल गाडा. पाण्यातला तुकडा तेवढा तांब्याचा राहू द्या. अ‍ॅल्युमिनिअममधून वीज तांब्याइतकी सहज वाहत नाही, त्यामुळे जाडी वाढवावी लागते. 6 एमएम तांब्याच्या जागी 10 एमएम अ‍ॅल्युमिनिअम धरा. अंतर फार असेल तर त्याहून जाड लागेल. मोटार किती एचपीची आणि अंतर किती, एवढे सांगितलेत तर आम्ही हिशेब करून देतो. जाड असूनही 100 मीटरमध्ये जेमतेम 8 किलो अ‍ॅल्युमिनिअम असते आणि भंगारात त्याला तांब्याच्या मानाने फारच कमी भाव मिळतो.

यात एक चूक सर्रास होते. तांबे आणि अ‍ॅल्युमिनिअमच्या तारा एकमेकींना पीळ देऊन जोडल्या जातात. असा जोड तापतो, सैल होतो आणि शेवटी मोटार जाळतो. दोन्ही धातूंसाठी बनवलेले बायमेटल लग (तारेच्या टोकावर दाबून बसवायच्या टोप्या) वापरा, जोड पाण्याच्या वर बंद पेटीत ठेवा आणि तो वायरमनकडूनच करून घ्या.

गाडणे शक्य नसेल तिथे केबल जीआय पाइपातून न्या आणि पाइपाची दोन्ही टोके काँक्रीटमध्ये बसवा. बोअरवेलच्या केसिंगवर लोखंडी टोपण वेल्ड करून कुलूप लावा. काठावरच्या मोनोब्लॉकच्या (मोटार आणि पंप एकत्र असलेल्या संचाच्या) फाउंडेशन बोल्टांच्या नटांना वेल्डिंगचा टिपका द्या. दुरुस्तीला मोटार काढायची झाली की तो ग्राइंडरने कापता येतो, आम्ही ते करून देतो. पितळी फूटव्हॉल्व्ह आणि तुषारचे पितळी नोझल यांनाही भंगारात भाव आहे. हंगाम संपला की ते काढून घरी आणा, ठिबकच्या नळ्या गुंडाळून आणता तसेच.

लाइट नसते तेव्हाच धोका

शेतीच्या फीडरवर थ्री फेज कोणत्या आठवड्यात दिवसा आणि कोणत्या आठवड्यात रात्री, हे तुमच्याइतकेच चोरालाही ठाऊक असते. लाइट गेली की केबल कापायला त्याला भीती राहत नाही. मोबाईल स्टार्टर (फोनवरून मोटार चालू-बंद करणारा) घेताना म्हणूनच दोन गोष्टी विचारा: लाइट नसताना चालणारी बॅटरी त्यात आहे का, आणि केबल तुटली तर तो फोन करतो का? सगळ्यांत ही सोय नसते. आणि नदीच्या खोलगटात रेंज येत नसेल तर असला स्टार्टर घेऊन उपयोग नाही. आधी त्या जागी उभे राहून फोन लावून पाहा, मगच पैसे खर्च करा.

आता कळकळीची विनंती. चोराला धडा शिकवायचा म्हणून कुंपणात, पेटीत किंवा केबलभोवतीच्या तारेत करंट सोडू नका. त्यात तुमचा गडी, शेजाऱ्याचे पोर किंवा जनावर सापडू शकते. माणूस दगावला तर मनुष्यवधाचा गुन्हा तुमच्यावर दाखल होतो. असले काम आम्ही कोणालाही, कितीही पैशांना करून देत नाही. एकट्याने रात्रभर काठावर राखण करू नका, हेही तितकेच महत्त्वाचे. उसातून बिबट्या कधी बाहेर येईल सांगता येत नाही. त्यापेक्षा काठावरच्या सगळ्या मोटारवाल्यांनी मिळून एक सौर कॅमेरा उंच खांबावर बसवावा आणि गावात ग्राम सुरक्षा यंत्रणा नसेल तर ती सुरू करून घ्यावी. एका फोनवर गावातल्या सगळ्यांच्या मोबाईलवर निरोप जातो. त्यासाठी पोलीस पाटलांशी बोला.

खूण आणि कागद

मोटारीची नंबर प्लेट चोर आधी उखडतो. म्हणून बॉडीवर दोन ठिकाणी, त्यातली एक सहज दिसणार नाही अशी, गावाचे पहिले अक्षर आणि गट नंबर अक्षरे उमटवायच्या लोखंडी पंचाने ठोकून घ्या. आमच्याकडे बसवलेल्या मोटारीवर हे काम आम्ही फुकट करतो आणि नंबर वहीत नोंदवतो. पावती, नंबर प्लेट आणि खूण यांचे फोटो मोबाईलमध्ये ठेवा, घरच्यांच्या मोबाईलवरही पाठवा.

ट्रॅक्टरबाबत थोडक्यात: बऱ्याच जुन्या ट्रॅक्टरांना त्याच कंपनीची दुसरी किल्ली चालते, तेव्हा किल्ली काढली म्हणून निर्धास्त राहू नका. बॅटरी कटऑफ स्विच लपवून बसवा आणि बॅटरीच्या पेटीला कुलूप घाला. थर्ड पार्टी विम्यात चोरीची भरपाई मिळत नाही. त्यासाठी पूर्ण विमा लागतो, आणि दाव्याच्या वेळी कंपनी दोन्ही किल्ल्या मागते.

चोरी झालीच तर

112 वर फोन करा. पंचनामा होईपर्यंत उरलेल्या केबलला, पेटीला हात लावू नका. पायांचे किंवा गाडीच्या चाकांचे ठसे दिसले तर त्यांवरून कोणाला जाऊ देऊ नका, फोटो मात्र काढा. "किरकोळ केबल आहे" म्हणून बरेच जण तक्रार देत नाहीत. चोरटे नेमके यावरच निभावून नेतात. भारतीय न्याय संहितेच्या कलम 303 खाली चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद आहे, आणि चोरीचा माल जाणूनबुजून घेणाऱ्या भंगारवाल्याला कलम 317 लागते. गुन्हा कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो, मग तो त्यांच्या हद्दीत घडलेला नसला तरी. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या. एकाच रात्री अनेकांची केबल गेली असेल तर सगळे मिळून जा. डीपीचे (ट्रान्सफॉर्मरचे) तेल किंवा कॉइल गेली असेल तर महावितरणला 1912 वर लगेच कळवा आणि उघड्या डीपीजवळ जाऊ नका. सौर पंपाचे पॅनल सरकारी योजनेतले असतील तर एफआयआरची प्रत घेऊन ते बसवणाऱ्या कंपनीकडे विम्याची चौकशी करा.

जुनी मोटार आम्ही पावती किंवा सातबारा पाहिल्याशिवाय विकत घेत नाही, आणि जाळलेले तांबे तर कधीच घेत नाही. चोरी झाल्यावर पंचनाम्याची प्रत घेऊन आलात तर केबल बसवण्याची मजुरी आम्ही आकारत नाही, आणि पीक उभे असेल तर तुमचे काम त्याच दिवशी हातात घेतो.