यकृतातील जिवाणुजन्य गळू

जिवाणूंच्या संसर्गाने यकृताच्या ऊतींचा नाश होऊन तेथे पू साठतो, तेव्हा त्या विकाराला यकृतातील जिवाणुजन्य गळू म्हणतात. रुग्णालयात ‘लिव्हर ॲबसेस’ हेच नाव रूढ आहे. गळू एक असते किंवा अनेक असतात आणि ती बहुधा यकृताच्या मोठ्या, उजव्या खंडात आढळतात. उपचार न झाल्यास हा विकार जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो.

पूर्वी अपेंडिक्स सुजून फुटल्यावर पोर्टल शिरेवाटे (आतड्यांतील रक्त यकृताकडे नेणाऱ्या शिरेवाटे) येणारा संसर्ग हे याचे मुख्य कारण होते. आता खडे, अरुंद झालेली नलिका किंवा कर्करोग यांमुळे तुंबलेला पित्तमार्ग हे प्रमुख कारण मानले जाते. अनेक रुग्णांत संसर्गाचा उगम सापडतच नाही. मासे हे रोजचे अन्न असलेल्या गोव्यात एक विरळ कारणही ध्यानात ठेवण्याजोगे आहे: गिळला गेलेला माशाचा काटा जठराची किंवा लहान आतड्याच्या आरंभीच्या भागाची भिंत भेदून यकृतात, बहुधा डाव्या खंडात, शिरतो. काटा गिळल्याचे रुग्णाला क्वचितच आठवते. सीटी स्कॅनमध्ये रेषेसारखी दाट सावली दिसली तरच शंका येते, आणि तो काटा काढल्याखेरीज गळू सहसा पुरते बरे होत नाही.

पुवात ई. कोलाय, क्लेबसिएला, स्ट्रेप्टोकॉकस आणि प्राणवायूविना वाढणारे जिवाणू आढळतात, व पुष्कळदा ते एकत्र असतात. पित्तमार्गात कोणताही दोष नसताना केवळ क्लेबसिएलामुळे होणाऱ्या गळवांचे वर्णन 1980च्या दशकात तैवानमधून पुढे आले. अशा रुग्णांपैकी बरेच मधुमेही असतात. गोव्याच्या दृष्टीने ही बाब गौण नाही, कारण 2023 साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) इंडियाब पाहणीत मधुमेहाचे प्रमाण देशात सर्वाधिक, 26.4 टक्के, गोव्यातच आढळले. भारताच्या पश्चिम किनारपट्टीवर पावसाळ्यात, चिखलपाण्याशी संबंध येणाऱ्या मधुमेही व्यक्तीच्या यकृतात आणि प्लीहेत एकाच वेळी गळवे दिसली, तर मेलिऑइडोसिसचाही (माती व पाण्यातील जिवाणूंमुळे होणाऱ्या संसर्गाचाही) विचार करावा लागतो. त्याचे जिवाणू प्रयोगशाळेत ‘स्यूडोमोनास’ म्हणून चुकीचे ओळखले जाण्याची शक्यता असते, म्हणून नमुना पाठवतानाच ही शंका कळवणे श्रेयस्कर.

थंडी वाजून येणारा ताप, उजव्या बरगडीखाली दुखणे, भूक मंदावणे आणि वजन घटणे ही लक्षणे असतात. दुखणे उजव्या खांद्यापर्यंतही जाते. वृद्ध व मधुमेही रुग्णांत मात्र नुसता रेंगाळणारा तापच असू शकतो. गोव्यात पावसाळ्यातील तापाला मलेरिया, डेंग्यू आणि लेप्टोस्पायरोसिस अशी तीन कारणे आधीच हाताशी असल्यामुळे या गळवाकडे लक्ष उशिरा जाऊ शकते. रक्तात पांढऱ्या पेशी आणि अल्कलाइन फॉस्फेटेज हे विकर वाढलेले, तर अल्ब्युमिन हे प्रथिन कमी आढळते, परंतु निदान ठरते ते सोनोग्राफीने. लहान किंवा अनेक गळवांसाठी सीटी स्कॅन अधिक भरवशाचा असतो. प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी रक्त कल्चरसाठी (जिवाणू वाढवून ओळखण्याच्या चाचणीसाठी) घ्यावे. रुग्ण गंभीर असल्यास मात्र त्यासाठी औषध सुरू करणे लांबवू नये.

अमिबाजन्य गळू वेगळे ओळखणे महत्त्वाचे असते. ते बहुधा एकच, प्रौढ पुरुषांत आणि उजव्या खंडात असते, त्यातील द्रव तपकिरी असतो, आणि ते पुष्कळदा मेट्रोनिडाझोल व त्यानंतर आतड्यातील अमिबा मारणाऱ्या औषधानेच बरे होते. हायडेटिड पुटीची (फीतकृमीच्या अळीमुळे होणाऱ्या, द्रवाने भरलेल्या पिशवीची) शंका असल्यास पुरेशा तयारीविना सुई घालू नये, कारण त्यातील द्रव पोटात सांडल्यास तीव्र ॲलर्जिक आघात होऊ शकतो.

जिवाणुजन्य गळवात आरंभी शिरेवाटे सेफ्ट्रिॲक्सोन आणि मेट्रोनिडाझोल, किंवा पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम दिले जाते. कल्चरचा अहवाल आल्यावर औषध बदलून एकूण उपचार साधारण 4 ते 6 आठवडे चालतात. सुमारे 3 सेंटिमीटरपेक्षा लहान गळवे औषधांनीच बरी होऊ शकतात. त्यापेक्षा मोठ्यांतील पू सुईने ओढून काढतात आणि 5 सेंटिमीटरपुढे सोनोग्राफीच्या आधाराने पिगटेल नळी (टोकाशी वळलेली निचऱ्याची बारीक नळी) ठेवणे अधिक चांगले. 1938 मध्ये ऑक्सनर आणि डीबेकी या अमेरिकी शल्यचिकित्सकांनी शस्त्रक्रियेने निचरा हाच मुख्य उपाय मानला होता. आज शस्त्रक्रिया गळू फुटल्यास, नळीने निचरा न झाल्यास किंवा मूळ दोष दूर करण्यासाठीच केली जाते. पित्तमार्ग तुंबला असेल तर तो ईआरसीपीने (तोंडावाटे दुर्बीण घालून) मोकळा केल्याशिवाय नुसत्या प्रतिजैविकांनी भागत नाही. मेलिऑइडोसिसमध्ये सेफ्टॅझिडिम किंवा मेरोपेनेमनंतर कोट्रायमोक्झॅझोल निदान 3 महिने द्यावे लागते.

गुंतागुंतींपैकी सर्वांत घातक म्हणजे सेप्टिक शॉक, म्हणजे संसर्गामुळे रक्तदाब कोसळणे. गळू पोटात फुटल्यास उदरावरणदाह होतो, छातीकडे फुटल्यास फुप्फुसावरणात पू साचतो, आणि डाव्या खंडातील गळू क्वचित हृदयावरणात फुटते. पोर्टल शिरेत रक्ताची गुठळीही होते. क्लेबसिएलाचा संसर्ग रक्तावाटे डोळ्यांत किंवा मेंदूत पोहोचतो, म्हणून अशा रुग्णाला धूसर दिसू लागल्यास त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे पाठवावे. एकदोन दिवसांच्या विलंबानेही दृष्टी कायमची जाऊ शकते.

ताप उतरल्यानंतरही सोनोग्राफीत पोकळी कित्येक आठवडे दिसत राहते, आणि केवळ तेवढ्यावरून उपचार फसला असे मानू नये. उगम न सापडलेल्या, विशेषतः क्लेबसिएलाच्या गळवामागे क्वचित मोठ्या आतड्याचा कर्करोग दडलेला असतो. म्हणून मध्यमवयीन व वृद्ध रुग्णांची प्रकृती सुधारल्यावर कोलोनोस्कोपी करून घेतात.