गारपिटीचा पंचनामा होतो, मोजमाप राहून जाते

2014 च्या फेब्रुवारीअखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाड्यात पुन्हा पुन्हा गारा पडल्या. काढणीला आलेली ज्वारी, गहू, हरभरा झोपला. द्राक्षे, मोसंबी, डाळिंबाच्या बागा झोडपून निघाल्या. त्या दिवसांची गावपातळीवरची सर्वांत तपशीलवार नोंद आहे ती तलाठ्यांच्या पंचनाम्यांत: गट नंबर, पीक, बाधित क्षेत्र, नुकसानीची टक्केवारी. पुढच्याच वर्षी केंद्राने मदतीसाठीची नुकसानीची अट 50 टक्क्यांवरून 33 टक्क्यांवर आणली आणि शेतकऱ्याला त्याचा खरा आधार झाला. पण गार केवढी होती, किती वाजता सुरू झाली, किती मिनिटे पडली, तिचा पट्टा कुठून कुठवर गेला, हे पंचनाम्यात विचारलेलेच नसते. मराठवाड्यातल्या वादळांचा प्रत्यक्ष शिवारात उतरून अभ्यास करायचा, तर सुरुवात या उणिवेपासून करावी लागते.

वादळाच्या आत शिरून निरीक्षण करण्याची पद्धतशीर आखणी दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत झाली. 1946 मध्ये फ्लोरिडात आणि 1947 मध्ये ओहायोत, युद्धातून मोकळी झालेली विमाने आणि रडार हाती घेऊन हवामानशास्त्रज्ञ होरेस बायर्स आणि रॉस्को ब्रॅहम यांनी ही मोहीम चालवली. एकाच ढगातून पाच वेगवेगळ्या उंचींवर विमाने नेली जात आणि खाली जमिनीवर निरीक्षण केंद्रांचे दाट जाळे असे. गडगडाटी ढगाच्या वाढीच्या तीन अवस्था आजही शिकवल्या जातात, त्या या मोहिमेतून हाती आल्या. आकाशात वादळ दिसल्यावर धावपळ करून हे साधले नसते. कोणता ऋतू, कोणता प्रदेश, कोण कुठे उभे राहणार, हे आधी ठरले होते.

भारतात हवामान खात्याची स्थापना 1875 ची. उत्तर प्रदेशातील मुरादाबादला 30 एप्रिल 1888 रोजी गारपिटीने 246 माणसे दगावली, म्हणजे धोका अपरिचित नव्हता. तरी वादळांच्या अभ्यासाचे लक्ष प्रामुख्याने बंगालच्या कालबैसाखीकडे, म्हणजे उन्हाळ्यातल्या तिथल्या गडगडाटी वादळांकडे राहिले. 2006 पासूनच्या ‘स्टॉर्म’ या वादळ-निरीक्षण कार्यक्रमातल्या सुरुवातीच्या मोहिमाही पूर्व आणि ईशान्य भारतातच झाल्या. तिथली वादळे भीषण असतात, त्यामुळे ती निवड योग्यच होती. मराठवाड्याकडे मात्र यंत्रे आली ती दुष्काळामुळे. 2015 आणि 2019 मध्ये छत्रपती संभाजीनगरहून विमाने उडाली ती कृत्रिम पावसासाठी. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने धाराशिवला लागून असलेल्या सोलापुरात रडार आणि विमानांनिशी मोठा प्रयोग केला, तोही पावसाळी ढगांवर. पाऊस का पडत नाही, हा प्रश्न इथे जिवाभावाचा आहे, हे मान्य. पण त्या प्रश्नाखाली मार्चमधला गारांचा ढग दबून गेला, असे मला ठामपणे वाटते.

हा ढग निराळा आहे. उत्तरेकडून जाणाऱ्या पश्चिमी झंझावातामुळे वरच्या थरात थंड हवा येते, खाली दोन्ही समुद्रांवरून बाष्प येते आणि दुपारच्या उन्हाने जमीन तापते. एप्रिल-मेच्या वळवाच्या तुलनेत हवेतले पाणी गोठण्याची पातळी खाली असल्यामुळे गार वाटेत फारशी न वितळता जमीन गाठते. ढग बहुधा दुपारनंतर उठतो. वरच्या हवेचे वेध घेणारे फुगे मात्र जगभरच्या ठरावीक वेळेनुसार आपल्याकडे पहाटे आणि सायंकाळी साडेपाचच्या सुमाराचे. ढग उठण्यापूर्वीच्या, म्हणजे दुपारी बाराएकच्या हवेची नोंद हवी असेल, तर इथे अभ्यास करणाऱ्या मोहिमेला वेगळा फुगा सोडावा लागेल.

रडारची अडचण भूगोलाची आहे. परभणी मुंबईपासून सरळ रेषेत सुमारे 400 किलोमीटर, नागपूरपासून 300 हून अधिक आणि सोलापूरपासून 200 च्या आसपास. पृथ्वीच्या गोलाईमुळे 200 किलोमीटरवर रडारचा अर्ध्या अंशाचा किरण जमिनीपासून चार किलोमीटर उंच गेलेला असतो. ढगाच्या पायथ्याशी काय चालले आहे, ते त्याला दिसत नाही. छत्रपती संभाजीनगरजवळच्या म्हैसमाळच्या डोंगरावर रडार बसवण्याचा निर्णय म्हणूनच महत्त्वाचा.

मधल्या काळात जमिनीवर बरेच उभे राहिले. विजांचे ठिकाण टिपणारे संवेदक बसले. ‘महावेध’ या राज्य सरकारच्या प्रकल्पामुळे महसूल मंडळागणिक स्वयंचलित हवामान केंद्र आले, राज्यात अशी दोन हजारांहून अधिक केंद्रे आहेत. पाऊस, वारा, तापमान त्यातून कळते. गारपिटीचा पट्टा मात्र कित्येकदा दोन-चार किलोमीटरच रुंद असतो, तो दोन केंद्रांच्या मधून निघून जाऊ शकतो.

त्यासाठी स्वस्त साधन उपलब्ध आहे. फोमच्या चौकोनावर अॅल्युमिनियमचा पातळ पत्रा ताणून बसवला की गारांचे खड्डे त्यावर उमटतात आणि त्यावरून आकार व संख्या मोजता येते. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात 1956 पासून शेतकऱ्यांकडून टपाल कार्डांवर गारपिटीची माहिती मागवली जात असे. आपल्याकडे जालन्याच्या मोसंबी पट्ट्यात जिल्हा परिषदेच्या शाळांच्या छपरांवर असे चौकोन जानेवारीअखेर बसवता येतील. पंचनाम्यातही गारपीट सुरू झाल्याची वेळ आणि सर्वांत मोठ्या गारेचा आकार असे दोन रकाने वाढवता येतील.