कटऑफ आधी कोणासाठी होता? लिपो आणि ईएससीची पार्श्वभूमी

बॅटरीचं व्होल्टेज घसरलं की मॉडेल विमानाची मोटर आपोआप बंद करणारी सोय म्हणजे कटऑफ. तिची गोष्ट बॅटरीपासून सुरू होते. ३० जून १९५७ रोजी इंग्लंडमध्ये कर्नल टॅप्लिन यांनी ‘रेडिओ क्वीन’ हे मॉडेल विमान विजेच्या मोटरवर उडवलं. रेडिओ कंट्रोलच्या इलेक्ट्रिक विमानाचं हे पहिलं नोंदलेलं उड्डाण मानतात. त्यात बॅटरी होती चांदी-जस्ताची. ती हलकी खरी, पण महाग. पुढे छंदी मंडळींच्या वाट्याला आली ती निकॅड, म्हणजे निकेल-कॅडमियम बॅटरी. सात सेलचा पॅक, ८.४ व्होल्ट, वजन चारशे ग्रॅमच्या आसपास. निम्मी ताकद बॅटरीचंच ओझं उचलण्यात जाते की काय, असं वाटायचं.

मोटर आधी सर्वोने (रेडिओच्या आज्ञेवर सुकाणू वगैरे हलवणारी छोटी यंत्रणा) दाबलेल्या स्विचवर चालायची: एकतर पूर्ण वेग, नाहीतर बंद. मग मॉस्फेट (झटपट चालू-बंद होणारे इलेक्ट्रॉनिक स्विच) आले आणि मोटरची वीज सेकंदाला शेकडो-हजारो वेळा जोडून-तोडून वेग कमीजास्त करणारा ईएससी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोलर आला. त्यातच बीईसी (बॅटरी एलिमिनेटर सर्किट) बसलं. मोटरच्याच पॅकमधून ते रिसीव्हर आणि सर्वोंना ५ व्होल्ट पुरवतं, त्यामुळे वेगळी बॅटरी वाहायला नको.

पण मोटरने सगळी वीज पिऊन टाकली तर सर्वो कशावर हलणार? कटऑफ आला तो या भीतीपोटी. व्होल्टेज ठरावीक पातळीखाली गेलं की मोटर बंद, आणि उरलेल्या विजेवर विमान तरंगत खाली आणायचं. जपायचं होतं ते विमान. बॅटरीची फिकीर कोणालाच नव्हती. निकॅड पुष्कळ सहन करायची, उलट ‘मेमरी’ धरू नये, म्हणजे अर्धवट वापराची सवय लागून क्षमता घटू नये, म्हणून लोक ती मुद्दाम रिकामी करत.

२००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत लिपो (लिथियम पॉलिमर बॅटरी) आली आणि हे गणित उलटलं. ३एस, म्हणजे ओळीने जोडलेल्या तीन सेलचा, २२०० एमएएचचा पॅक ११.१ व्होल्ट देतो आणि वजनाला भरतो दोनशे ग्रॅमच्या आत. मात्र सेल ३ व्होल्टच्या बराच खाली गेला तर कायमचा बिघडतो. ५ व्होल्टला थांबणाऱ्या जुन्या ईएससीला २एस पॅक जोडला, तर सेलमागे २.५ व्होल्ट होईपर्यंत तो मोटर चालूच ठेवणार. विमान झोकात उतरायचं आणि पॅक मात्र उशीसारखा फुगलेला निघायचा.

बीईसीचे हाल वेगळेच. लिनियर बीईसी जास्तीचं व्होल्टेज उष्णता म्हणून फेकतं. १ अँपिअरला ८.४ व्होल्टवर ३.४ वॅट, भरलेल्या ३एसच्या १२.६ व्होल्टवर ७.६ वॅट. तापून ते बंद पडलं की रिसीव्हरही गेला. मग कटऑफ असून उपयोग काय? म्हणून पुढे वीज जोडून-तोडून व्होल्टेज उतरवणारं, कमी तापणारं स्विचिंग बीईसी रुळलं.

नवे ईएससी पॅक जोडताच सेल मोजतात आणि तितक्या ‘बीप’ देतात. यातही एक खोड आहे: जवळजवळ रिकामा ४एस पॅक १२.५ व्होल्ट दाखवतो, आणि ईएससी त्याला भरलेला ३एस समजतो. मग कटऑफ लागणार थेट ९ व्होल्टला (तीन सेलचे प्रत्येकी ३ धरून), म्हणजे खऱ्या चार सेलमागे २.२५. मी बीप मोजल्याशिवाय थ्रॉटलला (मोटरच्या वेगाची दांडी) हात लावत नाही.

मल्टिरोटरला, म्हणजे अनेक पंख्यांच्या ड्रोनला, पंख नाहीत, तरंगत उतरणं नाही. मोटर थांबली की दगडासारखं खाली. तिथे कटऑफ बंदच ठेवतात आणि बॅलन्स वायरला (पॅकच्या प्रत्येक सेलला जोडलेली बारीक वायर) व्होल्टेज घसरल्यावर वाजणारा छोटा अलार्म लावतात. तो केकाटला की थ्रॉटल खाली घ्यायचं काम पुन्हा उडवणाऱ्याचं.